शिडाआडचं गाऱ्हाणं

देवबाग
२० जून १९५९

गंगाराम,

आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. बरं नसतं तर पत्र आलं असतं. बरं असलं की तुला आमची आठवण होत नाही.

इथे मचवे वर ओढून झाले. तुझ्या दादाने शीड धुऊन, वाळवून माळ्यावर टाकलं आणि मी ते दुसऱ्याच दिवशी खाली काढलं. म्हणजे आमचं मंडळ यंदाही सुरू झालं. तू तीन वर्षांत घराकडे फिरकला नाहीस, म्हणून पहिल्यापासून सांगते.

शाळेत सरकारने रेडिओ बसवला होता. दर गुरुवारी त्यावर नाटक लागायचं आणि सगळा गाव शाळेच्या अंगणात बसायचा. सहा महिन्यांत बॅटरी बसली. ती चार्ज करायला मालवणास कोणी न्यायची, यावर पंचायतीच्या चार बैठका झाल्या आणि बॅटरी बसलेलीच राहिली. नाटकाची चटक लागलेली माणसं नुसती चिडचिडी झाली. मग मी म्हटलं, रेडिओचं नाटक म्हणजे तरी काय, न दिसणाऱ्या माणसांचं बोलणं. पेटीच्या जागी शीड बांधू आणि आपणच बोलू. पावसात शीड रिकामं असतं, माणसंही रिकामी असतात.

तेव्हापासून आपल्या ओटीवर शीड आडवं बांधतो. आम्ही तिघं आत, गाव बाहेर. मी बोलते. शेजारची मथुरा बोलते. ती एकटी म्हातारी, तान्हं पोर आणि मांजर अशी तिन्ही होते. बाबू सुतार आवाज काढतो. सुपात कुळीथ फिरवले की पाऊस पडतो, ओला काथ्याचा दोर लाकडावरून ओढला की मचवा करकरतो. नारळी पौर्णिमेला शीड मचव्यावर परत चढतं आणि आमचं दुकान बंद होतं.

आई पहिल्या रांगेत बसतात. घरच्या सुनेने गावापुढे नाटकात बोलणं त्यांना चालायचं नाही. पण शिडाआड कोण आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते त्यांच्या लेखी नाही. नाटक संपलं की मी मागल्या दाराने चुलीपाशी जाते. त्या आत येऊन मलाच विचारतात, "कोण गो ती तांडेलाची बायल? बरी बोलत होती." मी म्हणते, "कोणास ठाऊक, मी भाकऱ्या थापत होते." त्या दिवशी घरात एक भाकरी नसते, सगळे निमूटपणे पेज जेवतात.

आता मुद्दा. यंदा मी नवं नाटक लिहिलंय, 'पौर्णिमेचा मचवा'. ते मुंबईच्या रेडिओवर लागलं पाहिजे. आमच्या तोंडून, आमच्या बोलीत आणि आमची नावं घेऊन. तू रेडिओत एवढा मोठा साहेब. तूच लिहिलं होतंस की तुझा हात हलल्याशिवाय स्टुडिओत कोणी पाऊल टाकू शकत नाही. बाड सोबत पाठवते आहे. तुझ्या हाताखालच्या माणसांना सांग, लवकर लावा.

एकदा तरी माझं नाव त्या पेटीतून यावं, गंगाराम. शिडाआड मला तीन वर्षं झाली.

तुझी वहिनी
रुक्मिणी


मुंबई
४ जुलै १९५९

वहिनी,

नमस्कार. पत्र आणि बाड दोन्ही मिळालं. बाड मी त्याच संध्याकाळी आमच्या खोलीत वाचून दाखवलं. आम्ही सातजण राहतो, दोघे वेंगुर्ल्याचे, एक रेडीचा, बाकी मालवणातले. मचवा पौर्णिमेला नारळ सोडून निघतो, वादळ होतं, आठ खलाशी परत येत नाहीत, गावात एकही बाप्या उरलेला नाही, आणि मचवा हाकणाऱ्या तांडेलाची बायको स्वतः किनाऱ्यावर उभी राहून दर्याला गाऱ्हाणं घालते. त्या जागी मी पहिली ओळ वाचली मात्र, सहाच्या सहा जण हातातलं काम टाकून, देवळात गाऱ्हाण्याच्या दर ओळीला होकार देतात तसे ओरडले, "व्हय म्हाराजा!" रेडीवाला परशुराम तर भाताचं पातेलं उतरवत होता, ते तसंच खाली गेलं. आम्ही सगळे त्या दिवशी उपाशी झोपलो, पण कोणी तक्रार केली नाही.

वहिनी, तू हे कधी लिहिलंस? मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा तू या घरात आलीस आणि मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायचीस. तेव्हा तुझ्या पोटात एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

बाड मी योग्य जागी पोचवलं आहे. आता इथली रीत अशी की प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. नाटकाचं खातं वेगळं आणि माझं खातं वेगळं. मी माझ्या परीने पाहतोच आहे. आईला आणि दादाला नमस्कार.

गंगाराम


देवबाग
२५ जुलै १९५९

गंगाराम,

तुझं खातं वेगळं म्हणजे कुठलं? साहेबाला दुसरा साहेब ओळखत नाही की काय? इथे मालवणच्या मामलेदाराचा कारकून पोस्टमास्तरांना ओळखतो आणि एका दिवसात काम होतं.

मी गावभर सांगून बसले आहे. मथुरेने नवं लुगडं घेतलं. मी म्हटलं, बाई, रेडिओवर लुगडं दिसत नाही. तर म्हणते, "दिसत नाय म्हणान काय झाला? आवाजाक कळता मा!" बाबूने लाटांचा आवाज काढायला देवबागची वाळू चाळून गोणीत भरून ठेवली आहे, कारण मुंबईची वाळू बरोबर बोलेल याचा त्याला भरवसा नाही. आणि आई देवळात जाईल त्याला सांगतात, माझा झील रेडिओत सायब आसा, तेच्या शब्दाभायर थंय पान हलणा नाय.

तुझ्या पत्रात मला काहीतरी लपवलेलं दिसतं. तुला आमची बोली त्या लोकांपुढे न्यायला लाज वाटते का? तसं असेल तर तसं लिही. मी बाड परत मागवून घेईन, आणि आम्ही पुढची तीस वर्षं शिडाआड सुखाने बोलू. पण खोटं लिहू नकोस.

आणि चतुर्थीला ये. तीन चतुर्थ्या तुझं पान रिकामं गेलं.

रुक्मिणी


मुंबई
१२ ऑगस्ट १९५९

वहिनी,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन फाडली.

मी साहेब नाही. मी दारावर असतो. स्टुडिओबाहेर एक लाल दिवा आहे. तो लागला की दार लावून घ्यायचं आणि हात आडवा करून कोणालाही आत सोडायचं नाही. दिवा गेला की दार उघडायचं. खाकी सदरा, खाकी विजार आणि बसायला एक स्टूल, तेही साहेब समोर नसतील तेव्हा. पहिल्या वर्षी मी तुम्हाला लिहिलं ते शब्दाने खोटं नव्हतं. तुम्ही त्याचा साहेब केलात आणि मी तो राहू दिला. दादाचं उत्तर आलं की आईने देवळात साखर वाटली. वाटलेली साखर परत कशी मागायची? मग मला घरी यायची लाज वाटू लागली. तुमच्या बोलीची नाही, वहिनी, माझी.

तुझं बाड मी स्वतः नाटकाच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते कपाटात ठेवायला सांगितलं. साहेब माणूस वाईट नाही, पण कपाट छतापर्यंत भरलेलं आहे. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मालवणीत आहे ना? आमचे कलाकार बोलू शकायचे नाहीत, आणि तिथली माणसं इथे आणून उभी केली तर माइकपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही." त्यापुढे बोलायची माझी पायरी नव्हती.

म्हणजे माझ्याच्याने काही होणार नाही. गावात जे सांगायचं ते सांग. आईला मात्र एवढ्यात सांगू नकोस, हात जोडतो.

गंगाराम


देवबाग
२२ ऑगस्ट १९५९

गंगाराम,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग भात करपला. तिन्ही झाल्यावर शांतपणे विचार केला आणि आता लिहायला बसले आहे.

अरे खुळ्या, साहेब नाहीस हे बरंच झालं. आपल्याकडे मामलेदार तीन वर्षांनी बदलतो. कचेरीच्या दारातला भिकाजी शिपाई मी लग्न होऊन आले तेव्हापासून तोच आहे, आणि कोणाचा अर्ज वर ठेवायचा ते त्याला विचारल्याशिवाय ठरत नाही. तू दारात आहेस म्हणजे सगळ्यांत मोक्याच्या जागी आहेस. फक्त तुला ते कळलेलं नाही, कारण तू मान खाली घालून उभा असतोस.

मला सांग, हे नाटकाचे साहेब दिवसातून किती वेळा त्या दारातून जातात? चार वेळा? सहा वेळा? आणि दार उघडताना तू काय म्हणतोस? काहीच नाही. उद्यापासून म्हण. ते बाड वाचत नाहीत तर न वाचोत. माझं नाटक वाचायचं नाहीच मुळी, ऐकायचं आहे. दार उघडलं की एक वाक्य बोल, आपल्या बोलीत, आणि गप्प राहा. पुढच्या खेपेला पुढचं वाक्य. बाडाची दुसरी प्रत मथुरेने उतरवून दिली आहे, ती पाठवते. मधलं एकही वाक्य गाळू नकोस. आणि नुसता पाठ म्हणू नकोस, पाचवीतल्या पोरासारखा.

हाकलून देतील ही भीती असेल तर ये इकडे. दादाच्या मचव्यावर एक जागा तुझी आहेच.

शीड पौर्णिमेला वर चढलं. आईंना मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांगायचं.

रुक्मिणी


मुंबई
१४ ऑक्टोबर १९५९

वहिनी,

आधी शेवट सांगतो, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील. गुरुवार १९ नोव्हेंबर, रात्री साडेआठ वाजता 'पौर्णिमेचा मचवा'. थेट स्टुडिओतून. तुम्हा तिघांना बोलावणं आहे, कागद सोबत आहे, साहेबांच्या सहीचा.

आता मजा ऐक. पहिल्या दिवशी साहेब आले, मी दार उघडलं आणि म्हटलं, "पुनवेक नारळ सोडून मचवो गेलो, सायब. आठ माणसा होती." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा म्हटलं, "आठवो तांडेलाचो भाव. तेचा लगीन ठरलला." साहेब म्हणाले, "गंगाराम, बरं आहे ना?" मी म्हटलं, "हो साहेब." दोन दिवस त्यांनी दुसऱ्या दाराने जायला सुरुवात केली. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा माझ्याच दाराने आले, आणि मी मुद्दाम गप्प राहिलो. ते दोन पावलं पुढे गेले, मागे वळले आणि म्हणाले, "मग? त्या भावाचं काय झालं?"

त्यानंतर दिवसाला सहा-सहा वाक्यं चालली. साहेबांना काम नसताना दारातून ये-जा करायची सवय लागली. तबलजी, घोषणा करणाऱ्या बाई, कँटीनचा शंकर, सगळे साहेबांच्या मागे घुटमळू लागले. वादळ आलं त्या दिवशी दारात एवढी गर्दी झाली की लाल दिवा लागलेला कोणाच्या लक्षात आला नाही. आणि बारा दिवसांनी गाऱ्हाण्याच्या जागी येऊन मी थांबलो. म्हटलं, "साहेब, यापुढचं मला बोलता येत नाही. ते माझ्या वहिनीनेच बोलायचं आहे." साहेब चिडले. म्हणाले, "अरे, पण मचवा आला की नाही?" मी म्हटलं, "ते वहिनीला विचारावं लागेल."

मग त्यांनी कपाट उघडायला लावलं. बाड तळाशी होतं, मी स्टुलावर चढून काढलं.

एकच गोष्ट आहे. साहेबांनी निळ्या पेन्सिलीने गाऱ्हाण्यातलं "व्हय म्हाराजा" नऊही ठिकाणी कापलं आहे. म्हणतात, एकच वाक्य नऊ वेळा आलं तर ऐकणारे कंटाळतील. शिवाय तुम्ही दोन बायका आणि एक बाबू, जमाव आणायचा कुठून? एकट्या बाईचा आवाज राहू दे, जास्त परिणाम होईल. मला नाटकातलं कळत नाही. तू काय म्हणतेस?

गंगाराम


देवबाग
२८ ऑक्टोबर १९५९

गंगाराम,

कापू देत. एवढ्या लांब येऊन नऊ शब्दांसाठी मी भांडत बसणार नाही. शिडाआड असताना ते मला कधी लिहावेच लागले नाहीत. मी गाऱ्हाणं घालायची आणि समोर बसलेला गावच व्हय म्हणायचा. बाडात घातले ते तुम्हा मुंबईकरांना कळावं म्हणून.

तुझ्या दादाला मात्र पटलेलं नाही. तो म्हणाला, "व्हय म्हणाक कोण नाय, तर ता गाऱ्हाणा कसला? ता नुसता एकट्यान बडबडणा." मी त्याला गप्प केलं. पण खरं सांगू का, काल तालमीत कापलेलं म्हणून पाहिलं, तेव्हा पहिल्या ओळीनंतर जीभ आपोआप थांबली. मथुरेने ढोसलं तेव्हा पुढे गेले. सवयीने होईल.

आम्ही १५ तारखेच्या बोटीने निघतो. सोबत बाबूची वाळू, सूप, कुळीथ, काथ्याचा दोर आणि जुन्या शिडाचा एक तुकडा. तो कशाला ते विचारू नकोस. दादा येणार नाही, त्याचा मचवा मालवण बंदरात भरायचा आहे. पण त्याने शब्द दिला आहे की त्या दिवशी शाळेची बॅटरी चार्ज करून तो स्वतः खांद्यावरून देवबागेत आणील. तीन वर्षांत पंचायतीला जमलं नाही ते.

आईंना म्हटलं, मथुरेला मुंबईत मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे, सोबत जाते. त्या म्हणाल्या, "जा. बरा बोलून ये." मी दचकले. "डॉक्टराकडे बरं बोलायला काय?" तर त्या तांदूळ निवडायला लागल्या.

रुक्मिणी


मुंबई
२४ नोव्हेंबर १९५९

वहिनी,

तुमची बोट सुटली आणि तासाभरात मला साहेबांचं बोलावणं आलं. ते शेवटी सांगतो. आधी गुरुवारचं सांगू दे. तू आत बोलत होतीस, तुला काही दिसलं नसेल. मी सगळं पाहिलं आहे.

दुपारच्या तालमीत साहेबांनी समुद्राची तबकडी लावली, तेव्हा बाबूने कान देऊन ऐकलं आणि साहेबांना तोंडावर सांगितलं, "ह्यो दर्यो खंयचो, सायब? ह्येका ना भरती ना व्हकटी, नुसतो घोरता." साहेब हसले, तबकडी बंद केली आणि बाबूची वाळू पाटीत ओतायला लावली. पाटी सारायला माणूस हवा म्हणून मला आत उभं केलं. बजावलं, "गंगाराम, तू दारावरचा. तोंड उघडायचं नाही."

साडेआठला लाल दिवा लागला. घोषणा करणाऱ्या बाईंनी नावं वाचली. तुझं नाव आलं तेव्हा तू शिडाचा तो तुकडा मुठीत आवळून धरला होतास, एवढं मी पाहिलं. मग तू सुरू झालीस आणि पंचवीस मिनिटं मी पाटी सारतोय हेही विसरलो. मथुरेची म्हातारी ऐकून काचेपलीकडचा इंजिनियर डोळे पुसत होता.

आणि गाऱ्हाणं आलं. तू दोन्ही हात जोडलेस आणि म्हणालीस, "बा दर्या म्हाराजा! आज ह्या किनाऱ्यार बाप्यो माणूस नाय, म्हणान आमी बायलमाणसा तुका गाऱ्हाणा घालतो..."

आणि थांबलीस.

मला कळलं तू का थांबलीस. काचेपलीकडे कोणालाच कळलं नाही. साहेब उभे राहिले. मथुरेने ढोसलं, तू हलली नाहीस. तुझे ओठ उघडे होते आणि तू वाट बघत होतीस. घड्याळाचा काटा एक, दोन, तीन असा पुढे गेला, आणि तेवढा वेळ अख्ख्या मुलखात रेडिओवर काही नव्हतं. बाबूच्या हातातलं सूपसुद्धा थांबलं होतं.

वहिनी, मी ठरवून काही केलं नाही. नोकरी, साहेब, लाल दिवा, कशाचीच आठवण झाली नाही. कोणीतरी गाऱ्हाणं घातलंय आणि कोणी व्हय म्हणत नाही, हे मला सहन झालं नाही एवढंच. मी ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

तुझा चेहरा एकदम उजळला. तू दुसरी ओळ घेतलीस, "आमचे आठ झील तुझ्या पोटात इले हत..." आणि तोवर बाबू आणि मथुरा माझ्या जोडीला होती. तिसऱ्या ओळीला कोपऱ्यातला तबलजी उठला, तो आचऱ्याचा आहे हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. "जसे नेलंस तसे परत हाडून दी, म्हाराजा!" असं तू म्हणालीस तेव्हा आवाज वाढला कसा ते मला कळेना. वळून पाहिलं तर दार उघडं. मी दारावर नव्हतो ना! कँटीनचा शंकर, झाडूवाली हौसाबाई, लिफ्टवाला, सगळे दारात उभे राहून छाती फोडून व्हय म्हणत होते.

आता साहेबांचं. मी टोपी काढून उभा राहिलो. ते म्हणाले, "गंगाराम, तू थेट प्रक्षेपणात ओरडलास." मी म्हटलं, "हो साहेब." "दार उघडं टाकलंस." "हो साहेब." त्यांनी टेबलाखालून टपालाची टोपली काढली. तीत पोस्टकार्डांचा ढीग होता. एक त्यांनी मला वाचायला लावलं. परळच्या चाळीतलं होतं, चारही मजल्यांवर एकाच वेळी लोक व्हय म्हाराजा ओरडले आणि खाली पोलीस काय झालं म्हणून विचारायला आला. साहेब म्हणाले, "मी नऊ वेळा कापलं होतं. माझी चूक झाली. साहेबाने शिपायाला हे म्हणायचं नसतं, पण म्हणतो."

जानेवारीत नाटक पुन्हा लावणार. आणि तुमच्या मंडळाची दर वर्षी दोन नाटकं हवी आहेत. मी सांगितलं, त्यांना पावसात बोलवा, तेव्हाच शीड घरी असतं. साहेबांनी तसं लिहून घेतलं. कराराचा नवा कागद सोबत पाठवतो. कलाकारांची नावं वाच. चौथं नाव बघ. तीन वर्षांत या इमारतीत माझं नाव हजेरीपटाबाहेर पहिल्यांदा कुठे लिहिलं गेलं असेल तर इथे.

आता आईला सांग. मी दारावर असतो हे सांग. मला त्याची लाज वाटेनाशी झाली आहे.

गंगाराम


देवबाग
१ डिसेंबर १९५९

गंगाराम,

कागद मिळाला. चौथं नाव मी सगळ्यांना वाचून दाखवलं, तुझ्या दादाने तीन वेळा वाचायला लावलं.

त्या दिवशी इथे काय झालं ते मला त्यानेच सांगितलं. बोलल्याप्रमाणे त्याने बॅटरी मालवणाहून खांद्यावरून आणली. शाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, तारकर्लीहून माणसं आली होती. आई पुढच्या रांगेत. पेटीतून माझं नाव आलं, "रुक्मिणी धोंडू चोपडेकर, देवबाग." सगळे आईंकडे बघायला लागले, कारण आता त्या विचारणार, कोण गो ती? आई काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या, गावाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ती माझी सून. आता कोणी बोला नको."

मी थांबले तेव्हा इथेही कोणी श्वास घेतला नाही म्हणे. मग तुझा आवाज आला. सत्यवती शेजारीण म्हणाली, "अगो, ह्यो तर तुमचो गंगाराम! पण तो सायब ना? तो हय कसो?" आई म्हणाल्या, "सायब आसात, नायतर दारार आसात. व्हय म्हणाक घरचोच माणूस लागता." आणि दुसऱ्या ओळीला सगळ्यात मोठ्याने व्हय म्हाराजा कोण म्हणालं असेल तर त्या. दादा म्हणतो, पुळणीवर झोपलेली कुत्री उठून भुंकायला लागली.

म्हणजे तुझं दाराचं त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. तुझ्या पत्राचं सांगायला गेले, तर म्हणाल्या, "माका काय नवीन सांगतंस?"

आता माझं. आम्ही बोटीतून उतरून देवबागेत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मी दमले होते आणि पायांना सवय तीच, म्हणून घराला वळसा घालून मागल्या दाराने चुलीपाशी गेले. पदर खोचून भाकरीचं पीठ काढलं. आई आत आल्या. मी म्हटलं, आता विचारतील. त्यांनी माझ्या हातातली परात काढून घेतली आणि म्हणाल्या, "मागल्या दारान कित्याक इलंस गो? चोरी केलंस? भायर जा, नि पुढल्या दारान ये."

मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेले, घराला वळसा घातला आणि अंगणातून आले. ओटीवर निम्मा गाव बसला होता. आईंनी उंबऱ्यावर माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला सगळ्यांदेखत पाटावर बसवलं. भाकऱ्या त्यांनी थापल्या. मी तिथे बसून ढसाढसा रडले, सांगायला लाज कसली.

शिमग्याला रजा मागून घे. साहेब नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणालेच तर दारात पुढचं नाटक सुरू कर. आईंनी तुझं पान मांडायचं आत्तापासून ठरवलं आहे.

ये, गंगाराम. आणि पुढल्या दाराने ये.

रुक्मिणी